खाडीतली काळी पट्टी

महेकने प्लास्टिकच्या नळीचं वरचं अर्धुक उचललं आणि आतला चिखल चिरलेल्या माशासारखा उघडा पडला. आखातातल्या वादी कबीरच्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलावर सफूराने आधीच वर्तमानपत्रं अंथरून ठेवली होती. कुर्मच्या खाडीत, कांदळांच्या मुळांशी नळी ठोकून नातीने कॉलेजच्या अभ्यासासाठी तो काढून आणला होता. जागा मात्र सफूराने दाखवली होती. एकतीस वर्षांपूर्वी, त्र्याऐंशी साली, त्यांची लाँच जळाली ती जागा.

हातभर खाली, चिखलात बोटभर जाडीची काळी पट्टी होती. सफूराने चष्मा पुसला.

"हीच गो ती."

लाँच तिच्या बापाने रत्नागिरीत बांधून इकडे धाडली होती, जावई आणि मुलगा अशा दोघांत मिळून. नवरा शरीफ आणि धाकटा भाऊ कासम तिच्यावर मासेमारी करत. एका जुम्म्याला कासम रुस्ताकला लग्नाला गेला आणि सफूराने गच्चीतून खाडीवरचा धूर पाहिला. कासम परतला तेव्हा चिखलावर काळा डाग तेवढा होता. उरलंसुरलं भरतीने नेलं, असं शरीफने सांगितलं. डेकवरच्या वाळूच्या पेटीतली चूल कासमने विझवली नव्हती, असंही सांगितलं. कासम पाच वेळेचा नमाजी. खात्री नसताना चूल विझवल्याची शपथ कशी घ्यायची, म्हणून त्याने ती घेतली नाही. विझवली असावी, एवढंच म्हणत राहिला. सफूराने त्याला दारातून परत पाठवलं. तो गावी गेला. आईच्या मयतीतही ती त्याच्याशी बोलली नाही.

महेकने लॅपटॉपवर पट्टीचे मोठे केलेले फोटो लावले.

"दादी, हे बारीक गोल दिसतात ना? हा ब्लॅक कार्बन टायरचा, ऑइलचा. लाकूड जळलं तर लांब तुकडे भेटतात, जाळीवाले. वरच्या थरात आहेत. या पट्टीत एक पण नाही."

"एकपन नाय?"

"तीन जागी चेक केलं. बोट जळली असती तर भरून असतं. तुझी जागा चुकली असेल."

त्या डागाशी उभी राहून सफूराने भावाला शिव्या घातल्या होत्या. जागा ती डोळे मिटून सांगू शकली असती. तिने उठून चहा टाकला.

असरची नमाज पढून शरीफ आला. टेबलावर चिखल बघून कुरकुरला. महेकने कौतुकाने त्यालाही सगळं समजावलं : टायर, ऑइल, लाकूड नाहीच. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि हे आधी उचला म्हणाला.

सफूराने त्याच्यापुढे कप ठेवला.

"लाँच कोणाला दिलीत?"

त्याने कप बाजूला सारला. महेक एकदा दादीकडे, एकदा दादाकडे बघत होती.

"सूर बंदरातला एक अर्बाब होता, लाँचींचा मालक. त्याला इकली," शरीफ म्हणाला. "कासम इकायला कधीच तयार झाला नसता. आता खलास झालं ते, सफूरा. म्हातारी झालो आपण."

सफूराने महेककडून फोन मागितला. कासमचा नंबर तिच्याकडे कधीच नव्हता. महेकने गावच्या चुलतबहिणीला, मेहविशला, मेसेज टाकला आणि पाच मिनिटांत तो मिळाला. इतका सहज मिळाला की सफूराने तो पुन्हा एकदा वाचून घेतला.

घंटी बरीच वाजली. मग एक म्हातारा आवाज आला, कोण म्हणून.

"मी सफूरा."

पलीकडे खोकला आला, थांबला.

"आपा," कासम म्हणाला. "शरीफभाय बरे हायत ना?"

इतक्या वर्षांनी बहिणीचा फोन आला, म्हणजे शरीफचं काही बरंवाईट झाल्याचं सांगायलाच असणार, असं त्याला वाटलं होतं.

"बरे हायत," ती म्हणाली. मग तिने हात लांब करून फोन शरीफच्या तोंडापुढे धरला.

"घ्या. तुमची खुशाली विचारतोय."