मावशीच्या दारातले तोंडवाकडे झाड

मित्रांनो, मी एक जुने सफरचंदाचे झाड आहे. बुंध्याशी जरा वाकडे, फांद्यांनी पसरट, आणि मुख्य म्हणजे कलमी नव्हे, बीपासून उगवलेले. पूर्वी मला याची लाज वाटायची. आता वाटत नाही, आणि ते का, तेच सांगायचे आहे.

माझी आई दुसऱ्या गावात, एका ताईच्या दारात उभी होती. तिची फळे लालभडक आणि साखरेसारखी गोड. ताई वारली, घर विकले गेले आणि नव्या मालकाने आईला तोडले. ताईच्या धाकट्या बहिणीकडे आईचे शेवटचे एकच फळ उरले. तिने ते डोळे पुसत खाल्ले आणि आतल्या पाच बिया ओल्या फडक्यात गुंडाळून थंडीभर जपल्या. तीच आमची मावशी. आईच्या मालकिणीची बहीण म्हणजे मावशीच की!

"खाण तशी माती," ती नवऱ्याला म्हणाली. "बघा तुम्ही, ताईचं सफरचंद परत येईल."

तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, सुतार. त्यांनी पाच खड्डे खणले.

इथेच गफलत झाली, मित्रांनो. सफरचंदाच्या बियांच्या कानावर ही म्हण कधी पडलेलीच नाही. आमची आई एक, पण मधमाश्यांनी तिच्या फुलांवर कुठकुठल्या झाडांचे पराग आणून टाकले होते, ते त्यांनाच ठाऊक!

काही वर्षांनी आम्ही फळलो. थोरल्याची फळे पिवळी, पण दुसऱ्या दिवशी पिठूळ. दुसऱ्याची देखणी लाल आणि बोराएवढी. तिसऱ्याची गोड, सुवासिक, पण बोट लागले की डाग पडायचा. चौथ्याच्या फळात पाणीच पाणी. आणि माझी? हिरवी, खरखरीत सालीची, दगडासारखी कडक आणि आंबटढाण!

मावशीने प्रत्येकाचे फळ आशेने चाखले. शेवटी ती माझ्याकडे आली. एक घास घेतला, तोंड वाकडे झाले आणि डोळ्यांत पाणी आले. ते आंबटपणामुळे नव्हते. ताई पुन्हा एकदा गेली, असे तिला वाटले.

तेव्हापासून काका मला 'तोंडवाकडं' म्हणू लागले. माझ्या अंगाला कपड्यांची दोरी बांधली गेली. पाणी मिळायचे तेही भांडी विसळलेले. तरी मी दरवर्षी फळत राहिले. दुसरे करणार काय?

एकदा पानगळीत काका म्हणाले, "थंडी सरली की हे तोडू. या जागी गोड कलम लावू."

पण त्या वर्षीची माझी फळे मावशीला टाकवेनात. काकांच्या कामाच्या खोलीत रंध्याने निघालेल्या लाकडाच्या सालपटांनी भरलेले एक खोके होते, त्यात तिने ती पुरून ठेवली आणि विसरून गेली.

थंडी सरली. काका करवत आणायला खोलीत गेले ते बराच वेळ बाहेर येईनात. आले तेव्हा एका हातात करवत होती आणि दुसऱ्या हातात अर्धे खाल्लेले सफरचंद.

"अगं, हे खाऊन बघ!" भरल्या तोंडाने ते ओरडले. "आपलं तोंडवाकडं आहे हे!"

भावंडांची फळे कधीच संपली होती. माझी मात्र त्या सालपटांत पिवळी, रसाळ झाली होती, आणि आंबटपणामागून गोडी आली होती. झाडावरून काढून लगेच खायचे ते फळच नव्हते. मावशीने सावकाश घास चावला. माझा जीव टांगणीला लागला.

"ताईच्या झाडाची चव नाही ही," ती म्हणाली. मग माझ्या बुंध्यावर हात ठेवून म्हणाली, "पण लेकरू तर तिचंच ना? करवत ठेवा आत. माय मरो, मावशी जगो म्हणतात, ते काय उगीच?"

काकांनी करवत आत ठेवली. येताना माझ्या अंगाची दोरीही सोडली.

मित्रांनो, त्या दोघांचे उपकार मी कसे फेडणार? थंडीच्या शेवटी, घरात दुसरे फळ नसते तेव्हा, मी त्यांचे खोके भरलेले ठेवते, एवढेच. तुमच्या घरातही कुणी आंबट, कुणी खरखरीत असेल. पहिल्याच घासाला तोंड वाकडे करू नका. थोडा धीर धरा.

परवा मावशीने माझ्या बिया मातीत टोचल्या. काका हसून म्हणाले, "कशी निघतील गं ही झाडं?"

"निघतील तशी आपली," मावशी म्हणाली आणि तिने बियांवर पाणी घातले.