पेत्राचा कोंबडा

माझ्या धाकट्या जावेची भाकरी फुगते आणि माझी फुगत नाही. तेच मक्याचं पीठ, तोच तवा, तीच चूल. नोहेमीची भाकरी टम्म होते, माझी चपटीच्या चपटी. सासूबाईंना आता डोळ्यांनी नुसत्या सावल्या दिसतात, पण भाकरी हातात घेतली की बोटांनी चाचपून म्हणतात, "ही आपल्या नोहेमीची." कौतुक करायला डोळे लागत नाहीत.

मी एर्लिंदा, या घरातली थोरली सून. माझा नवरा मकारिओ हा मोठा मुलगा. धाकटा आवेलिनो ऐन उमेदीत किनाऱ्याकडच्या केळीच्या मळ्यांत कामाला गेला आणि आई थकल्यावर, गोड हसत, गोड बायको घेऊन परत आला. मधल्या काळात सासूबाईंचं सरपण, पाणी, औषध, रात्रीबेरात्रीचा खोकला सगळं आम्ही निस्तरलं. आणि तो आला त्या दिवशी त्यांनी काय करावं? ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात आम्ही गुळाच्या पाकात पाव भिजवतो. त्यात तळचा तुकडा सगळ्यात चांगला, पाक सगळा त्यात मुरलेला असतो. तो तुकडा त्यांनी चाचपडत काढला आणि आवेलिनोच्या ताटात घातला. मकारिओला वरचा, कोरडा. तो मुकाट्यानं खात बसला. मला मात्र तो पाव अजून पचलेला नाही.

पण खरी जळजळ होती हाराची.

आमच्या होकोताल गावात ईस्टरच्या पहाटे दोन मूर्ती पळवतात. खालच्या कपेलापासून, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरापासून, वरच्या देवळापर्यंत चढ आहे. येशूची कबर रिकामी आहे असं कळल्यावर पेत्र आणि योहान हे दोन शिष्य धावत सुटले, ते हे. एका पाटावर पेत्र, एकावर योहान, प्रत्येकी चार खांदेकरी. देवळाचं दार म्हणजे कबरेचं दार. तिथं पोचलं की मूर्ती तीनदा झुकवून खाली टेकवायची. दाराशी सासूबाई खुर्चीवर बसलेल्या असतात. त्या मूर्तीच्या पायांना हात लावतात आणि पहिल्या आलेल्या पाटाच्या म्होरक्याच्या गळ्यात पांढऱ्या चाफ्याचा हार घालतात. हा मान त्यांना मिळाला तो आमच्या सासऱ्यांमुळे, कारण सासऱ्यांनी जन्मभर पेत्र वाहिला.

सासऱ्यांनंतर पेत्राच्या पुढच्या खांद्याला मकारिओ लागला. आता योहान आहे सेडरच्या लाकडाचा, आतून पोकळ, बिनदाढीचा पोरगेला. आणि पेत्र महोगनीचा, वर स्वर्गाच्या दाराच्या लोखंडी किल्ल्या, आणि पायाशी कोंबडा. मूर्ती मागं झुकते म्हणून कुणा जुन्या सुतारानं त्या कोंबड्याच्या पोटात शिसं ओतलेलं. त्यामुळं योहान दरवर्षी पहिला. त्याच्या म्होरक्याच्या गळ्यात हार पडायचा, बँड वाजायचा, फटाके उडायचे, आणि सगळं संपता संपता आमचा पेत्र धापा टाकत यायचा. मग मकारिओ आपला खांदा दुसऱ्याला द्यायचा, सासूबाई त्याच्या दंडाला धरून उठायच्या आणि दोघं आत जायची. आंधळ्या बाईला आधाराला कुणीतरी लागतंच, त्यात काय मोठंसं.

इतकी वर्षं योहानाचा म्होरक्या परका माणूस होता, तेव्हा मी सोसलं. यंदा मंडळानं योहान दिला आवेलिनोला.

"त्याचे पाय चांगलेत," मकारिओ म्हणाला.

"तुझे काय लाकडाचे आहेत?"

"एर्लिंदा, योहानच पहिला येतो. तसं लिहिलेलंच आहे."

"लिहिलंय कुणी? योहानानंच ना? लिहिणारा तो, पळणारा तो आणि पहिला येणाराही तोच! आपली पाठ आपणच थोपटून घ्यायची, आणि ती शुभवर्तमानात!"

त्याला हसू आलं. पण बोलणं त्याच्या डोक्यात बसलं असावं, कारण बुधवारी त्यानं तेच चारचौघांत काढलं.

आमच्याकडं पाद्री कधीमधी येतात. रविवारची प्रार्थना आणि वाचन ब्रिहिदामावशी चालवते. तिचा एक नियम आहे: जे खांद्यावर घेणार, ते आधी कानांनी ऐकायचं. म्हणून मूर्तींना हात लावण्याआधी सगळ्या खांदेकऱ्यांनी आणि त्यांच्या बायकांनी तिच्या ओसरीवर बसायचं, तो अध्याय ऐकायचा आणि आपल्याला काय कळलं ते सांगायचं. वाचायला उठवलं नोहेमीला. हो, तीच. आवाजही चांगला आहे तिचा, मेलीचा.

दोघं धावले, दुसरा शिष्य पेत्राच्या पुढं गेला, पहिला पोचला, इथवर तिनं वाचलं आणि मकारिओ म्हणाला, "मावशी, एक विचारू? हा स्वतःचं नाव लिहीत नाही. 'ज्याच्यावर येशूची प्रीती होती तो' असं लिहितो. म्हणजे बाकीच्यांवर नव्हती?"

ओसरीवर सगळे हसले. मी नाही हसले. तो थट्टा करत नव्हता, हे मला एकटीला कळलं.

"प्रश्न चांगला आहे," मावशी म्हणाली. "पेत्रालाही हेच खुपायचं. पुढं तळ्याकाठी त्यानं योहानाकडं बोट दाखवून प्रभूला विचारलंच, की याचं काय? प्रभू म्हणाला, त्याच्याशी तुला काय करायचंय? तू माझ्यामागं ये."

"म्हणजे गप्प बस म्हणाला," मी म्हटलं.

"तू तसं ऐकलंस होय?" मावशी म्हणाली. "बरं. आवेलिनो, तुला काय कळलं?"

आवेलिनोनं टोपी मांडीवर फिरवली. "मला एवढंच कळलं मावशी, की पहिला पोचला तरी तो आत गेला नाही. दाराशी वाकून बघितलं आणि थांबला. पेत्र मागनं आला आणि आधी आत गेला. थोरला तो थोरला."

सगळ्या ओसरीनं माना डोलावल्या. सासूबाईंनी हवेत हात करून त्याचं डोकं शोधलं आणि कुरवाळलं. गोडबोल्या! माणसानं एवढं गोड बोलावं की शेजारच्याचं खरं बोलणंसुद्धा कडू लागावं? मी घरी येईपर्यंत दात आवळून होते.

"एकदा," मी मकारिओला म्हटलं. "एकदा तरी तो हार तुझ्या गळ्यात पडलेला मला बघायचाय. तुझ्या आईच्या हातनं. त्या आहेत तोवर."

त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "मलाही." एवढंच म्हणाला. पण एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसानं स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

पेत्राला न्हाऊ घालून कपडे चढवायचं काम माझ्याकडं असतं. शनिवारी दुपारी मी देवळाच्या मागच्या खोलीत एकटी होते. अंगरखा चढवला, किल्ल्या पुसल्या आणि कोंबडा पुसायला गेले तर तो खुंटीवर डुगडुगला. आता डुगडुगणारी वस्तू काढून ठेवणं हे काय पाप आहे? ओढला तर निघाला. हातात घेतला आणि खाली बसले, एवढा जड! एवढं ओझं माझ्या नवऱ्यानं दरसाल चढावर वाहिलं, आणि कशाचं? पेत्रानं प्रभूला तीनदा नाकारलं, कोंबडा आरवला आणि तो ढसाढसा रडला, त्याची आठवण म्हणून. योहानाच्या पायाशी आहे का कुणी त्याच्या चुका मांडून ठेवलेल्या? नाही. त्याच्या हातात फूल.

मी कोंबडा शालीत गुंडाळला. रिकाम्या खुंटीवर फुलं रचली. पेत्र जरा मागं झुकला, त्याला कमरेशी दोरी बांधून अंगरख्यानं झाकली आणि घरी गेले. मकारिओला मी काही सांगितलं नाही. त्यानं कोंबडा परत बसवला असता.

पहाटे कपेलापाशी चौघांनी पाट उचलला, तशी मकारिओनं मान वळवली. "हलका लागतोय गं."

"उपासानं अंगात बळ येतं," मी म्हटलं. "पळ."

आणि मी आडवाटेनं देवळाकडं निघाले, कोंबडा शालीत, शाल काखेत. वर पोचले तर सासूबाईंच्या शेजारी नोहेमी. हाराची टोपली तिच्याच हातात, अर्थात. "ताई, बसा ना," म्हणाली आणि आपली जागा मला दिली. असल्या वागण्याचा मला फार राग येतो.

खालून ओरडा आला. वळणावर आधी योहान दिसला, फूल उंचावलेला. मी काखेतली शाल आवळून धरली. आणि मग त्याच्या बाजूनं पेत्र आला. माझा पेत्र! मकारिओची मान पुढं, तोंड उघडं, शिरा फुगलेल्या. शेवटच्या चढाला तो पुढं निघाला आणि आवेलिनोच्या खांदेकऱ्यांचे पाय मागं पडले. मी ओरडले. एकटीच ओरडले, हे मागाहून लक्षात आलं. बाकीच्यांचा ओरडा अर्ध्यातच विरला होता. बँडवाल्यांनी वाद्यं तोंडाला लावली होती, पण कुणी फुंकेना. योहान पहिला आला की वाजवायचं, एवढंच त्यांना ठाऊक. पेत्र पहिला आला तर काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

चौघांनी पाट तीनदा झुकवून खाली टेकवला. मकारिओला बोलायला श्वास नव्हता. तो आईपुढं गुडघ्यावर बसला आणि त्यानं मान वाकवली.

सासूबाई मूर्तीच्या पायांशी वाकल्या. बोटं नेहमीच्या जागी गेली. फुलं. आणखी चाचपलं. नुसतीच फुलं, कोंबडा नाही. त्यांचा चेहरा खुलला.

"आला माझा आवेलिनो!" त्या म्हणाल्या आणि हार मकारिओच्या गळ्यात घातला. त्याच्या घामेजल्या केसांवरून हात फिरवला. "शाबास रे बाळा."

मकारिओ तसाच राहिला. मान वर करीना. इतकी वर्षं ज्या हाराची वाट पाहिली, तो गळ्यात होता आणि त्यावर नाव दुसऱ्याचं होतं. नोहेमीनं तोंड उघडलं, मी तिचा हात दाबून धरला. का, ते मला विचारू नका.

"आता बाजूला हो," सासूबाई म्हणाल्या आणि खुर्चीत टेकल्या. "दारात थांब. मकारिओ येऊ दे."

एवढ्यात योहान पोचला. आवेलिनोनं गळ्यात हार घातलेला भाऊ बघितला, दार बघितलं, आणि पाट खाली ठेवून जिथल्या तिथं उभा राहिला. एक पाऊल पुढं नाही.

"आई, चल आत," तो हळूच म्हणाला.

"तुझ्याबरोबर?" सासूबाई हसल्या. "तू पहिला येतोस, हार घेतोस, छान दिसतोस. पण कबरेत शिरायचं म्हणजे पेत्रच हवा. तुझा बाप मला याच दारातनं न्यायचा, आता मकारिओ नेतो. वर्षभर मी याच घटकेची वाट बघते. तो आल्याशिवाय मी उठायची नाही." मग त्यांनी मान तिरपी करून कान दिला, आणि त्यांच्या आवाजातलं हसू गेलं. "एवढा उशीर कसा झाला त्याला? पडलाबिडला तर नाही ना? कुणीतरी खाली जाऊन बघा रे. माझा मकारिओ कुठाय?"

कुणी हललं नाही. आणि माझा नवरा, त्यांच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर, खांदे गदगदा हलवत, आवाज न करता रडत होता.

तळचा तुकडा कुणाच्या ताटात होता ते मला तेव्हा कळलं. आणि तो मीच काखेत मारून उभी होते.

सगळं गाव बघत होतं. नोहेमी बघत होती. तिच्यासमोर मला शाल सोडायला लागली, याहून मोठी शिक्षा माझ्यासाठी प्रभूलाही सुचली नसती. मी कोंबडा काढला. लोक "अरे देवा" म्हणाले. मी सासूबाईंपुढं गेले, त्यांचे दोन्ही हात ओढले आणि कोंबडा त्यांच्या मांडीवर ठेवला. जडपणानं त्यांचे गुडघे दबले. बोटं तुऱ्यावर गेली, मग चोचीवर.

एका हातानं त्यांनी तो घट्ट धरला. मग दुसरा हात पुढं केला आणि समोरचं डोकं पुन्हा चाचपलं. या खेपेला सावकाश, कानापासून हनुवटीपर्यंत. ओल्या गालांवर बोटं थांबली.

"तू होय," त्या म्हणाल्या. "मग बोलायचं नाही का रे, गाढवा?"

"आई, हार..."

"हाराला काय करायचंय? त्याला दे तो. ऊठ. माझे पाय आखडले."

मकारिओनं हार काढून आवेलिनोच्या गळ्यात टाकला. सासूबाई त्याच्या दंडाला धरून उठल्या. कोंबडा काही त्यांनी सोडला नाही, पोटाशी धरला. बँडवाल्यांना आता काय ते समजलं, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. आवेलिनो दाराशी थांबला होता. ती दोघं आत गेली आणि मगच तो आत गेला.

मी बाहेर राहिले. कुठल्या तोंडानं आत जाणार? नोहेमी शेजारी येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता बोलेल काहीतरी गोड.

"ताई," ती म्हणाली, "मला मेलीला एकदा तरी म्हणाल्यात का त्या, की तुझ्याबरोबर जाते म्हणून? भाकरी फुगली एवढंच म्हणतात."

मी तिच्याकडं बघितलं. तिचे डोळे भरले होते, आणि ते माझ्या नवऱ्याच्या पाठीवर खिळले होते. ती नजर मी बरोबर ओळखली. रोज चुलीपाशी तिच्या तव्याकडं मी त्याच नजरेनं बघते.

"चल आत," मी म्हटलं. "आधी तू."

"नाही ताई. आधी तुम्ही."