भाच्याच्या हाती दिलेला फोन

कुरुंद्याकडच्या एका गावात त्या सकाळी तातेराव शिजवलेली हळद अंगणात पसरत होते. त्यांच्या मुलाला, सोमेश्वरला, पोलिसांनी उचलून नऊ दिवस झाले होते.

गुन्हा तरी काय? पोरगं मोबाईल, मशिनी, ॲप यांच्यावर बातम्या लिहायचं. रेशनच्या मशीनवर लोक अंगठा लावतात, ती माहिती गुपचूप पोलिसांकडे जाते आणि मोर्चाला कोण गेलं ते त्यावरून हुडकतात, एवढं त्यानं पुराव्यासकट छापलं. झालं, सरकारच्या लेखी तो देशाचा शत्रू ठरला. मशीन अजून चालूच आहे.

पुरावे दिले होते पुरवठा कचेरीतल्या रुक्माबाईनं. विधवा बाई, पदरी एक लेक. तिचं नाव फक्त सोमेश्वरच्या दुसऱ्या फोनात होतं. तो फोन आईच्या हवाली करून पोरगं म्हणालं होतं, "जीव गेला तरी कुणाला देऊ नको." नर्मदाबाईंनी तो हळदीच्या पोत्यात खुपसला.

संतोष आला तो साध्या कपड्यांत. पोलिसात हवालदार, पण तातेरावांच्या चुलत बहिणीचा लेक. आणि भाचा दारात आला की त्याला नाही म्हणायचं नाही, ही आपली रीत. कसली मेली रीत!

"मामा, साहेब म्हणून राहिले, दुसरा फोन दाखवा. त्यात काही न्हाई निघालं की सांच्याला पोरगं घरी."

"देऊ नका," नर्मदाबाई आतून म्हणाल्या.

"तू गप बस. घरचं लेकरू हाय. काहून खोटं बोलंल?"

तातेरावांनी स्वतः पोतं सोडलं. फोन धोतरानं पुसून दिला आणि पोरानं अडीनडीला सांगून ठेवलेला उघडायचा आकडाही सांगितला.

सांच्याला कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी रुक्माबाईला तिच्या लेकीदेखत नेलं.

आठवड्यानं तुरुंगात भेट मिळाली. जाळीपलीकडे सोमेश्वरचा एक डोळा सुजून बंद झाला होता.

"बाबा, लई मारलं. पण म्या तिचं नाव न्हाई घेतलं. फोन हाय ना बराबर?"

"संतोषला देला," तातेराव म्हणाले. "घरचा म्हणून."

सोमेश्वर भेटीची वेळ शिल्लक असताना उठून आत गेला.

गावात म्हणतात, तातेरावांनी बराबर केलं, सरकारशी वाकडं कशाला घ्यायचं. असं म्हणणाऱ्यांत आपण आहोत का, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं.

रुक्माबाईची लेक आता तातेरावांच्याच घरी असते. आई कधी येणार, असं ती रोज विचारते. नर्मदाबाई "आज्याला विचार," म्हणतात.