पंधरा फुटांची रेघ

गुणाजीचा चेंडू डावीकडे पडायचा. टोपलीच्या काठाला घासून डावीकडे. महिनाभर तेच चाललं होतं.

गिरगावात खोताच्या वाडीपासून जवळच मिशनचा हॉल होता. तिथल्या पाद्रीसाहेबाने अमेरिकेतून एक नवा खेळ आणला होता. वरच्या सज्जाच्या कठड्याला दोन्ही टोकांना एकेक टोपली ठोकायची आणि पाच गड्यांनी पाच गड्यांशी झोंबत चेंडू तिच्यात टाकायचा. टोपल्या कोळणींकडून घेतलेल्या. किती धुतल्या तरी मासळीचा वास गेला नव्हता. त्यांना बूड होतं, म्हणून चेंडू आत पडला की शिडीवर चढून तो काढावा लागे. ते काम आनंदाचं. आनंदा आणि गुणाजी परळच्या एकाच गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचे, दोघांचं गावही एकच, मालवणाकडचं. आनंदा चाळिशी ओलांडलेला, गुडघ्याने गेलेला, म्हणून खेळत नसे. शिडीवर बसून बघायचा.

सहा दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत गिरणी. रविवारी सुट्टी म्हणतात, पण सकाळी साचे पुसायला बोलावतातच. ते उरकून ही माणसं परळहून गिरगावात चालत यायची, पाच ते सहा खेळायची आणि चालत परत जायची. चाळीत बोंब झाली, पाद्री बाटवणार.

गुणाजीची बायको शेवंती म्हणाली, "बाटवायला ह्यांच्यात उरलंय काय? सहा दिवस गिरणीत, सातव्या दिवशी पाद्र्याच्या टोपलीत. घरात कधी असता तेवढं सांगा."

आठवड्यात तो एकच तास असा होता की गुणाजी आपल्या मर्जीने दमायचा. हे बायकोला कसं सांगायचं?

तोच तास जायची वेळ आली. हॉलच्या कमिटीतल्या शहाण्या लोकांना वाटलं, की घामट गिरणीवाल्यांपेक्षा कॉलेजच्या मुलांना तो तास द्यावा. मुलं चांगल्या घरची, इंग्रजी बोलणारी, हॉलला शोभणारी. पाद्रीसाहेब मनाने वाईट नव्हता, पण कमिटीला भ्यायचा. भित्र्या माणसाला न्याय करायचा झाला की तो शर्यत लावतो. त्याने जाहीर केलं, "दीड महिन्याने, रविवारी, सामना होईल. जो जिंकेल, त्याचा तास."

तेव्हा आनंदाने मनावर घेतलं. दोन रविवार तो शिडीवरून नुसता गुणाजीकडे बघत राहिला. कुणी दांडगाई केली की समोरच्याला पंधरा फुटांच्या रेघेवरून एक मोकळी फेक मिळायची. अडवायला कुणी नाही, हॉलमध्ये सगळे चूप. ती फेक गुणाजी घ्यायचा, कारण हात त्याचाच बरा होता. आणि तीच फुकट जायची.

"मेल्या, चेंडू अजून हवेत आणि तू खंय बघतंस?" आनंदा वरून ओरडला.

"खंय म्हणजे? टोपलीत."

"टोपलीत नाय. चेंडू सुटताच मान डावीकडे. खांदो पण तिकडेच. तुझो दुसरो साचो डाव्या बाजूक असा ना?"

गुणाजीने डावा खांदा चाचपला. होताच. बारा वर्षं तो दोन साचे एकदम चालवत होता. एकावर नजर ठेवून उभं राहिलं की दुसऱ्यावर धागा तुटतो, आणि कापडात खोट आली की पगार कापतात. उजव्या साच्याचं काम हातून पुरतं होण्याआधीच मान डावीकडे वळलेली असायची. एका गोष्टीकडे शेवटपर्यंत बघायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवलं होतं ते उलटं.

आनंदा म्हणाला, "टोपली म्हणजे तुझो एकच साचो. दुसरो मेलो. कोपर आत. गुडघो वाकव. आणि चेंडू पडासर हात वर तसोच ठेव, मान हलवू नको."

मान सरळ झाली, तेव्हा दुसरी खोड वर आली. साच्यांच्या गोंगाटात कानाजवळ ओरडलेलंही कळत नाही. तिथे माणसं ओठांवरून बोलतात. पन्नास हातांवरून जॉबरने, म्हणजे मुकादमाने, तोंडातल्या तोंडात घातलेली शिवी गुणाजीला वाचता यायची. इथे टोपली सज्जालाच ठोकलेली, आणि सज्जात बघे. टोपलीकडे बघितलं की तिच्या मागे दहा तोंडं हलताना दिसायची. हॉल चूप असला तरी गुणाजीला चूप नव्हता. कुणी म्हणायचं, "वास येतोय." कुणी म्हणायचं, "हा काय टाकणार, हमाल!" डोक्यात तिडीक जायची आणि चेंडू कठड्यावर आपटायचा.

मग आनंदाने शिडी सोडली आणि तो सज्जात जाऊन टोपलीच्या बरोबर मागे उभा राहिला. गुणाजी रेघेवर आला की तो आवाज न करता, नुसत्या ओठांनी, शिव्या द्यायचा. आईवरून, बापावरून, जातीवरून, गावच्या देवावरून. जॉबरच्या सगळ्या शिव्या, आणि मालकाचा साहेब देतो त्यासुद्धा. खाली पाद्रीसाहेबाला वाटायचं, म्हातारा प्रार्थना करतोय.

"शिवयो लागतत काय रे?" दुसऱ्या रविवारी आनंदाने विचारलं.

"लागतत. पण हात हलत नाय आता," गुणाजी म्हणाला. त्या दिवशी दहातल्या आठ फेकी टोपलीत पडल्या होत्या.

सामन्याच्या आदल्या आठवड्यात गिरणीत तातडीचा माल निघाला. दिवे लावून काम चालवलं. रविवारी सकाळी साचे पुसताना गुणाजीला उभ्या उभ्या डुलकी लागली. तरी तो चालत गिरगावात आला.

मुलं ताजीतवानी होती. दूध पिऊन, दुपारी झोप काढून आलेली. गिरणीवाले धावायला कमी पडले, पण अंगाला अंग लावून अडवत राहिले. सज्जातून येतील तेवढ्या शिव्या आल्या. गुणाजीने सगळ्या वाचल्या. तीन मोकळ्या फेकी मिळाल्या, तिन्ही टोपलीत. आनंदा शिडीवरून चेंडू खाली टाकताना एकदाच हसला.

आठ-आठ. पाद्रीसाहेबाच्या हातातल्या घड्याळात मिनिटभर उरलं असताना एका मुलाने गुणाजीला मागून ढकललं. शिट्टी झाली. मोकळी फेक.

गुणाजी रेघेवर आला. हॉल चूप. कोपर आत, गुडघे वाकवलेले. टोपली. मागे सज्जात रघुवीर उभा होता, कॉलेजच्या संघातला, पाय मुरगळला म्हणून खेळाबाहेर ठेवलेला. देखणा, गोरा पोरगा. त्याने शेजाऱ्याला हळूच म्हटलं. ओठ स्वच्छ हलले:

"बिचारा. किती दमलाय बघ."

त्यात कुचेष्टा नव्हती. रघुवीरचं तोंड खरंच उतरलं होतं.

आणि गुणाजीला आपले पाय कळले. पोटऱ्या, कंबर, रात्री दिव्याखाली चुरचुरलेले डोळे, बारा वर्षांचा डावा खांदा, सगळं एकदम कळलं. तोवर ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. हात वर गेले, चेंडू सुटला. तो टोपलीच्या हातभर अलीकडेच खाली आला. तो मुलांनी उचलला, तिघांच्या हातातून पलीकडे नेला आणि दुसऱ्या टोपलीत टाकला. शिट्टी झाली.

पाद्रीसाहेब गुणाजीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "फार उत्तम खेळलात." त्याने तास मात्र परत दिला नाही. कमिटीने टाळ्या वाजवल्या.

बाकीचे पुढे निघून गेले. आनंदाच्या गुडघ्यामुळे हे दोघे मागे राहिले. चालत चालत चिंचपोकळी आली.

"कसली शिवी होती?" शेवटी आनंदाने विचारलं. "मी खाली होतंय, माका दिसली नाय."

"शिवी नव्हती."

"मग?"

"वरसून एक पोरगो माका 'बिचारो' म्हणालो. दमलोहा म्हणालो."

आनंदा थांबला. गुडघा धरून रस्त्याच्या कडेला एका ओट्यावर बसला. बराच वेळ त्याने तळव्याने गुडघा चोळला.

"ह्या माझाच चुकला," तो म्हणाला. "सगळ्यो शिवयो दिलंय तुका. पण कोण असा बोलात, ह्या माझ्या डोक्यात इलाच नाय."

"तुझ्या कसा येतला?" गुणाजी म्हणाला. "आपल्याक कोण कधी असा बोललाहा?"

तोही शेजारी टेकला. बसल्यावर उठवेना. लालबागकडून माणसं येत-जात होती. गुणाजीने भिंतीला डोकं टेकलं आणि तोंड उघडं टाकून तिथेच झोपला. आनंदाने त्याला उठवलं नाही.