पाटीचं दुसरं पान

महामार्गावरच्या विजेच्या पाटीवर काय झळकायचं ते साहेब ठरवत आणि झळकवायचं काम तिचं. साहेबांना यमकाचा भारी नाद. पाटीवर एका वेळी दोनच ओळी मावत, म्हणून ते निम्मा संदेश पहिल्या पानावर आणि निम्मा दुसऱ्या पानावर टाकायला लावत. पाटी दोन्ही पानं आळीपाळीने दाखवत राही.

वडील गेल्यानंतर ती आज पहिल्यांदाच कामावर आली, तर साहेब दारातच कागद घेऊन उभे.

"तुमच्या बाबांसाठी खास लिहिलंय. ऐका. 'घाई करून जाल कुठे, विचार करा जरासा...' आणि दुसऱ्या पानावर..."

"साहेब, दुसरं पान नको."

"अहो, यमक तिथेच तर आहे."

तिने कपाळाला हात लावला नाही, एवढंच. हेच सांगून सांगून तिच्या जिभेला फोड यायचे बाकी होते. तिने कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बोट दाखवलं. पाटीजवळ आल्या की गाड्यांचे मागचे लाल दिवे पेटत होते. पुढची ओळ उमटेपर्यंत माणसं रेंगाळत होती.

"बघा, ब्रेक मारतात."

"वाचतात, ताई." साहेब खुलले. "आजकाल कोण कुणाचं एवढं वाचतं?"

शेजारच्या खुर्चीवरचे नाना चष्मा पुसत म्हणाले, "मग पुस्तकच काढा साहेब. निदान घरी बसून वाचतील."

"तुम्ही गप्प बसा हो."

"बाबांच्या पुढचा गाडीवालाही वाचतच होता," ती म्हणाली. "दुसऱ्या पानासाठी त्याने ब्रेक मारला. बाबा स्कूटरवर मागेच होते. पोलिसांना त्याने स्वतःच सांगितलं."

साहेबांचा हात कागदासकट खाली आला.

"मला कुणी सांगितलं नाही."

"ब्रेकचं मी कितीदा सांगितलं, साहेब."

ते पडद्याकडे बघत राहिले. लाल दिवे पेटले, विझले, पुन्हा पेटले.

"मग लिहायचं काय?"

"पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा."

"एवढंच? फार कोरडं वाटतं हो."

"वाटू दे."

त्यांनी होकारार्थी मान डोलावली. तिने दुसरं पान पुसलं आणि पहिल्यावर तेवढं एकच वाक्य टाकलं. थोड्या वेळाने गाड्या पाटीखालून न थबकता जाऊ लागल्या.

"अंतर... निरंतर..." साहेब पुटपुटले. नानांनी उठून त्यांच्या हातातला कागद काढून घेतला.

तिचं तिकडे लक्ष नव्हतं. पडद्यावर एका मोटारीच्या मागून एक स्कूटर येत होती. ती पलीकडे दिसेनाशी होईपर्यंत तिने नजर हलवली नाही.