नेच्याखालची टोपली

यंदा पाऊस रुसला आणि लिथुआनियातल्या आमच्या गावात कुणालाच अळंबी मिळेना. अळंबीच्या लोणच्यात घालायचा परसातला शेपू जून झाला, तरी बरण्या रिकाम्याच. शेजारची मार्त्सेले मात्र रोज रानातून टोपली भरून आणायची, वर नेच्याची पानं पसरून. तसं आम्ही सगळेच झाकतो. काय मिळालं ते दिसलं, की दुसऱ्या दिवशी लोक मागावर येतात.

"कुठं सापडतात गं?" मी विचारलं.

"रानात," म्हणाली भवानी!

मग मी गुपचूप तिच्या मागे गेले. दुपारपर्यंत तिनं रान पालथं घातलं, पण एक अळंबी मिळाली तर शपथ. शेवटी बयेनं टोपलीत पाइनची सुकी बोंडं भरली आणि वर नेचा पसरला.

मला हसू फुटलं. पण माझी टोपली? रिकामी घेऊन गावात कोणत्या तोंडानं जाणार? मीही बोंडं भरली, नेचा टाकला.

फाटकाशी मार्त्सेले आधीच पोचली होती. माझी टोपली पाहून तिनं डोळे वटारले.

"तरीच! तरीच माझ्या जागेवर यंदा काही सापडत नाही!"