पालथ्या माणसांचा पलंग

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पलंग आहे, पण माझ्यावर रात्रीची झोप काढायला कधी कुणी आलं नाही. माझ्यावर माणसं भरदिवसा पालथी होतात. कुणाची कंबर धरलेली, कुणाची मान आखडलेली, कुणाचा हात खांद्याच्या वर जात नाही. म्हणजे, होत होती. आता माझ्यावर चादरींचे गठ्ठे आणि पाण्याचा जार ठेवतात. याचं मला दुःख आहेच, पण त्याहून जास्त राग आहे. तो का, ते सांगतो.

माझा जन्म पातूरचा. नियाज मिस्त्रींनी मला घडवलं. त्यांची मुलगी जेबा अमरावतीहून फिजिओथेरपी शिकून आली आणि अकोल्यात दवाखाना टाकते म्हणाली. मिस्त्रींनी तिच्या लग्नातल्या पलंगासाठी सागवान राखून ठेवलं होतं. ते म्हणाले, "पलंगच पाहिजे ना बेटा? मग हाच घे." पालथ्या माणसाला श्वास घेता यावा म्हणून माझ्या डोक्याकडे एक भोक लागतं. मिस्त्रींनी ते बेतानं पाडलं आणि तपासायला स्वतःच झोपले, तर त्यांचं नाक अडकलं. जेबा हसून हसून खाली बसली. मग भोक मोठं झालं, वर रेक्झिनची गादी आली आणि मी टेम्पोत बसून अकोल्याला आलो.

जेबाबाईंची एक सवय होती. नवा पेशंट आला की त्याला आधी खुर्चीत बसवायचं आणि विचारत राहायचं. कधीपासून दुखतं, वजन काय उचलता, कधी पडलात का, गोळ्या कोणत्या चालू आहेत. लोक वैतागायचे. "इथं माही कंबर चालली, अन बाई मुलाखत घेऊन राहिली," असं खुशालराव नावाचे निवृत्त पोस्टमास्तर बाहेरच्या बाकावरून सगळ्यांना ऐकवायचे. महिन्याभरानं तेच खुशालराव माझ्यावरून टुणकन उतरायला लागले आणि गल्लीभर सांगत सुटले की, जेबाबाईच्या पलंगात काहीतरी आहे. हात बाईंचे, व्यायाम पेशंटचा आणि नाव माझं! मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? याच नावानं पुढे घात केला.

दवाखान्याच्या दहाव्या वर्षी पार्बताबाई आल्या. साठी उलटलेली, फुलांचा धंदा. चाळीस वर्षं बाजारात एकाच जागी जमिनीवर मांडी घालून त्यांनी हार ओवले होते. कंबरेतून कळ निघायची. आमच्याकडे, जो पायांकडून जन्मला त्याला पायाळू म्हणतात, आणि पायाळूनं कंबरेला पाय लावला की उसण पळते असं लोक मानतात. पार्बताबाईंनी शेजारच्या पायाळू सहदेवची लाथ तीनदा खाल्ली होती. हे ऐकून जेबाबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांनी एक्स-रे काढायला लावला, हाडांची तपासणी करवली. हाडं ठिसूळ निघाली.

"माय, तुमच्या कंबरेले आता कोनाचा पाय लागला नाई पाह्यजे. अन झटका तं बिलकुल नाई," जेबाबाई म्हणाल्या.

"नाई लागत, बाई. पन दसऱ्याले मी माह्या जागेवर बसली पाह्यजे. एकदा जागा सोडली की दुसरं कोनी बसते. मंग कोन उठते?"

त्या दिवसापासून माझाही जीव त्या जागेत अडकला. पार्बताबाई जमिनीऐवजी स्टुलावर बसून हार ओवायला शिकल्या. टोपलं उचलताना गुडघ्यात वाकायला शिकल्या. माझ्यावर झोपून हळूहळू पाय उचलताना त्या जेबाबाईंवर चिडायच्या, पण आकडे चुकवायच्या नाहीत. आधी अर्धा तास बसवत नव्हतं, ते आता दीड तास बसवू लागलं. आणखी सहा आठवडे लागतील, असं बाईंनी सांगितलं. दसरा मात्र बारा दिवसांवर होता.

अशात पार्बताबाई एक पत्रक घेऊन आल्या. कायरोप्रॅक्टिक आणि ऑस्टिओपॅथीचं महाशिबिर, एका झटक्यात आराम. त्यांनी विचारलं, "बाई, तुमची ते फिजिओ. मंग हे दोन काय हायेत? अन खरं कोनतं?"

जेबाबाई हसल्या नाहीत. "तिन्हीत हातानंच काम हाय, माय. मी व्यायाम करून घेते. कायरोवाले मनक्याले नेमका झटका देऊन सांधा मोकळा करतेत. ऑस्टिओवाले सारं अंग हातानं तपासून दाबतेत, ताणतेत. नीट शिकलेला मानूस कोनताही असो, तो आधी पुसते. तुमची हाडं पाह्यली तं तोही झटका देनार नाई. जो पुसतच नाई, त्याच्याजवळून उठून या."

दुसऱ्या दिवशी जेबाबाई वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पातूरला गेल्या. दवाखान्याच्या काउंटरवर त्यांचा थोरला भाऊ साजिद बसायचा. शिबिराचा संयोजक तोच होता, पण पत्रकावर त्याचं नाव नव्हतं. हे बहिणीला ठाऊक नव्हतं. शिबिरवाले साहेब कुठं शिकले, तेही पत्रकावर नव्हतं. साजिदनं गावभर सांगितलं, "साहेब पायाळू हायेत." झालं! आणखी कुणी काय विचारतंय?

शिबिराला भोकाचा पलंग हवा होता. साजिदनं मला टेम्पोत घातलं. मला वाटलं, जेबाबाईंनीच पाठवलं असेल. मित्रांनो, मी अभिमानानं गेलो!

मंगल कार्यालयात माणसांची रांग, माइक, उभा केलेला मोबाइल. साहेब मान वळवायचे, 'कट्ट' आवाज यायचा, लोक टाळ्या वाजवायचे. दुपारी रांगेत पार्बताबाई दिसल्या. त्या माझ्यापाशी येऊन थबकल्या. म्हणाल्या, "मले बाईनं झटका नको मनलं हाय."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. साजिद पुढे आला. "मावशी, पलंग वळखला नाई काय? जेबाचाच हाय. तिनं हो म्हटल्याशिवाय आला असता काय इथं?"

पार्बताबाईंनी माझ्या कडेवरून हात फिरवला. त्यांचा चेहरा सैल झाला. "हो बाप्पा, हा तं आपल्या बाईचाच पलंग," असं म्हणत त्या निमूट पालथ्या झाल्या.

साहेबांनी त्यांचं वयसुद्धा विचारलं नाही. दोन्ही तळवे कंबरेवर टेकवले आणि अंगाचा भार टाकला. आवाज आला. टाळ्या पडल्या. पार्बताबाई ओरडल्या नाहीत, फक्त "अवं माय" म्हणाल्या आणि माझी कड घट्ट धरून राहिल्या. त्यांची बोटं सोडवायला दोन बायका लागल्या. चौघांनी उचलून त्यांना रिक्षात घातलं.

मणका दबला होता. दसरा त्यांनी खाटेवर काढला. बाजारातल्या त्यांच्या जागेवर दुसऱ्याच कुणीतरी झेंडूचा ढीग लावला, आणि तो माणूस पुढे उठला नाही. शिबिराचा व्हिडिओ अजून फिरतो म्हणतात. त्यात टाळ्या आहेत, पुढचं कापलं आहे.

जेबाबाई परत आल्या तेव्हा भावाला एवढंच म्हणाल्या, "भाईजान, आपने उनको मेरे नाम पे सुलाया." साजिदनं मान खाली घातली. मला मान नाही, नाहीतर मीही घातली असती. परक्यानं फसवलं असतं तर मी शिव्या दिल्या असत्या. पण रोज सकाळी माझी गादी पुसणाऱ्या घरच्या माणसानं मला आमिष म्हणून मांडलं. ज्या बाईनं माझ्यावर भरवसा टाकला, तिचाच मणका माझ्या अंगावर दबला. हे मला सहन होत नाही.

चार महिन्यांनी पार्बताबाई दवाखान्यात आल्या. कंबरेला पट्टा, हातात काठी, सोबत सून वर्षाली. जेबाबाईंनी त्यांना आधार देऊन माझ्याकडे आणलं. पार्बताबाई दोन पावलांवर थांबल्या.

"बाई, तुमच्याकडं मी येईन. तुमी तवा इथं नव्हत्या, मले मालूम हाय. पन या पलंगावर मी नाई झोपत. याले पाहूनच मी झोपली होती."

जेबाबाईंनी जमिनीवर गादी घातली. आता त्यांचे व्यायाम तिथंच होतात, आणि बाईंनी बाकीच्या पेशंटांनाही माझ्यावर घेणं बंद केलं. मी भिंतीशी उभा राहून बघतो. त्यांना माझी बाजू कशी सांगू? आणि सांगितली तरी ती खरी असली म्हणून काय झालं?

मित्रांनो, उपचार फिजिओचा घ्या, कायरोचा घ्या, नाहीतर ऑस्टिओचा. पण ओळखीचा पलंग, ओळखीची पाटी, ओळखीचा चेहरा बघून अंग टाकू नका. हात लावणारा कुठं शिकला ते विचारा आणि तो तुम्हाला काही विचारतो का ते बघा. त्या दिवशी कार्यालयात शंभर माणसं होती. पार्बताबाईंची हाडं ठिसूळ आहेत हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.